तू कुणाची गं? शहरात आपली मंडळी कशी शोधायची आणि सोमवारी देव कुठे भेटतो

जय ख्रिस्त मंडळी. हे लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला हेच विचारतं. गावाकडची एखादी भाची-पुतणी पुण्याला नोकरीला येते, रूम घेते, गुगलवर बघून जवळचं चर्च शोधते आणि महिन्याभराने फोन करते की मावशी चर्च छान आहे गं, साऊंड सिस्टीम एक नंबर आहे, पण मला तिथं कुणी ओळखत नाही आणि खरं सांगू का, देवसुद्धा गावीच राहिलाय असं वाटतं.

मला ते बरोबर कळतं, कारण पुण्यातली माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. मी नगर जिल्ह्यातली. आमच्याकडे चर्चची घंटा घरात ऐकू यायची, पाळकसाहेब स्कूटर थांबवून आजोबांची तब्येत विचारायचे आणि एक रविवार चुकला की दुपारच्या आत दोन-तीन बायका दारात, काय गं ताप आला का काय पोरीला. पुण्यात मी शेवटच्या बाकावर बसायचे आणि उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद संपायच्या आत एक पाय चपलेत. दोन वर्षांत कुणी नावाने हाक मारली नाही, आणि मी मात्र घरी येऊन आईला सांगायचे की इथली माणसं शिष्ट आहेत.

मग एका रविवारी पाऊस होता म्हणून मी व्हरांड्यात अडकले. एक म्हातारी बाई, नऊवारी, हातात प्लास्टिकची पिशवी, जवळ आली आणि सरळ म्हणाली, "तू कुणाची गं?" मी गावाचं नाव सांगितलं. "गाव नाही विचारलं, कुणाची?" मग मी आजोबांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आईच्या माहेरचं सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही बाई, कुणालाच ओळखत नाही मी. असू दे. डबा आणलायस का?" नव्हता आणला. त्या दिवशी महिला मंडळाची सभा होती, मला माहीत पण नव्हतं. तिच्या पिशवीतली अर्धी भाकरी आणि पिठलं खाऊन मी त्या सभेला बसले. त्या म्हातारीला पुढे मी मावशीच म्हणत आले, आणि खाली जे सांगतेय त्यातलं निम्मं तिच्याकडून आलेलं आहे.

आधी मंडळी या शब्दाकडे बघा

मराठी बायबलात चर्चला शब्द आहे मंडळी. आणि हाच शब्द आपण घरात कसा वापरतो, मंडळी जेवायला बसली का, मंडळी लग्नाला गेलीत, जुने लोक तर बायकोलाच आमची मंडळी म्हणायचे. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानात ३ऱ्या अध्यायाच्या शेवटी तो प्रसंग आहे ना, येशूची आई आणि भाऊ बाहेर उभे राहून निरोप पाठवतात, आणि तो आत आजूबाजूला बसलेल्या लोकांकडे बघून म्हणतो की देवाच्या इच्छेप्रमाणे चालणारा तो माझा भाऊ, ती माझी बहीण, ती माझी आई. लहानपणी मला तो भाग आवडायचा नाही, आईला बाहेर उभं केलं म्हणून. आता वाचताना लक्ष जातं ते "आजूबाजूला बसलेल्या" या शब्दांवर. ते लोक काही खास नव्हते, ते बसले होते एवढंच. पळाले नव्हते माझ्यासारखे.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, की "देव जवळ वाटत नाही" आणि "इथं माझं कुणी नाही" या दोन तक्रारी बहुतेक वेळा एकच तक्रार असते. दोन वेगळ्या औषधांच्या मागे लागू नका.

रविवारी पळायचं नाही

सोपं वाटतं पण सगळ्यात अवघड हेच आहे. आशीर्वाद झाल्यावर १५ मिनिटं थांबायचं, घड्याळ लावून. पहिले दोन-तीन रविवार तुम्ही नोटीस बोर्ड वाचत उभे राहाल, मी तर पाढ्यासारखी पूर्ण वर्गणीदारांची यादी पाठ केली होती. चालतं. दर रविवारी त्याच जागी बसा, म्हणजे आजूबाजूच्या चार लोकांना तुमचा चेहरा कळतो आणि तुम्ही नसलात की ती जागा रिकामी दिसते. तरुणांच्या घोळक्यात घुसायची घाई करू नका, त्यांचे ग्रुप आधीच ठरलेले असतात. म्हाताऱ्या माणसांकडे जा. त्यांना वेळ असतो, त्यांना बोलायचं असतं आणि कोण कुणाचं याचा पूर्ण नकाशा त्यांच्याकडे असतो.

आणि मग काम मागा. "मी काही करू का" असं मोघम नाही, त्यावर सगळे "नको नको बस तू" म्हणतात. नेमकं बोला, मी गीतांची पुस्तकं गोळा करते, मी शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या बायबल वर्गाच्या पोरांना ने-आण करते, मी प्रभुभोजनाचे, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीचे छोटे ग्लास धुते. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, त्यानंतर ते इवलेसे ग्लास धुवायला पाठीमागे तीन-चार बायका असतात आणि मंडळीच्या सगळ्या सुखदुःखाच्या बातम्या तिथे, त्या बेसिनपाशी कळतात. माझी पहिली मैत्रीण मला तिथेच मिळाली, साबण संपला म्हणून.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण नंतर कुणी म्हणेल की हिने गोड गोड लिहिलं. "तू कुणाची" या प्रश्नाला एक वाईट बाजू आहे. आपल्यातसुद्धा काही लोक हे विचारत विचारत बरोबर जातीपर्यंत पोचतात, आणि लग्न जमवताना तर ते उघडच चालतं, ख्रिस्ती असून. हे आजचं नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती झाले, त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० मध्ये, मधली पाच वर्षं त्या नवऱ्याजवळ परत राहायला आल्यावरही सोवळं-ओवळं सांभाळत होत्या, कुणाच्या हातचं पाणी चालेल आणि कुणाच्या नाही हे मनातून जायला त्यांना वेळ लागला, आणि त्यांनी तो लपवला नाही हे मला फार मोठं वाटतं. तर तुम्हाला कुणी त्या हेतूने विचारत असेल तर कळतंच, त्याला हसून "मी या मंडळीतली" एवढं सांगायचं आणि पुढे सरकायचं. आणि स्वतः कुणाला विचाराल तेव्हा विचारण्याच्या मागे डबा आहे का चौकशी आहे ते आधी बघा.

वही

मावशीकडे एक वही होती, शंभर पानी, शाळेची. त्यात वारांची सात पानं, प्रत्येक पानावर सात-आठ नावं. सोमवार सासरचे, मंगळवार माहेरचे, बुधवार शेजारपाजार, गुरुवार मंडळी, शुक्रवार आजारी आणि दुःखात असलेले, शनिवार ज्यांच्याशी पटत नाही ते (हे पान सगळ्यात भरलेलं, ती स्वतःच सांगायची) आणि रविवार कोरं, जो भेटेल तो. रोज सकाळी त्या दिवसाची नावं घ्यायची, मोठ्याने, एकेका नावाला एक वाक्य. पाच मिनिटांच्या वर लागत नाहीत.

मी आधी मोबाईलच्या नोट्समध्ये करून बघितलं, आठवड्यात बंद पडलं, नाव घेता घेता व्हॉट्सॲप उघडलं जायचं. वहीच घ्या. आणि वाक्य साधं असू दे, "हे स्वर्गीय दयाळू कृपाळू परमेश्वर पित्या" अशी सुरुवात करून मूळ माणूस येईपर्यंत दम लागतो. माझी आई प्रार्थनेत म्हशीचंही नाव घ्यायची, "आणि प्रभू, चंद्रीला यंदा तरी पारडी होऊ दे", आणि आम्ही भावंडं डोळे मिटून हसायचो. आज वाटतं की देव घरात आहे हे मला कुठल्या प्रवचनाने शिकवलं नसेल तेवढं त्या चंद्रीने शिकवलं. गोठ्यापर्यंत ज्याला आत येऊ देतो तो पाहुणा राहत नाही.

ज्याचं नाव घेतलं त्याला महिन्यातून एकदा तरी कळवा. फॉरवर्ड नाही, गुलाबाच्या फोटोवर लिहिलेलं वचन नाही, तर "आज तुझं नाव घेतलं गं, पायाचं कसं आहे आता?" एवढंच. आणि एक पथ्य, फार कडक. कुणाचं गुपित "प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणून पुढे सरकवायचं नाही. आपल्यात निंदानालस्ती बहुतेक वेळा डोक्यावर पदर घेऊन येते.

सोमवार ते शनिवार, म्हणजे खरा प्रश्न

चर्चमध्ये देव जवळ वाटतो यात काही विशेष नाही, तिथं सगळं त्यासाठीच मांडलेलं असतं. हडपसरच्या सिग्नलला, लोकलमध्ये, ऑफिसच्या मार्च एंडिंगला काय करायचं? सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा माणूस होता, आधीचा शिपाई, युद्धात पायाला जखम झालेली, शिक्षण बेताचं, त्यामुळे मठात त्याला स्वयंपाकघर मिळालं. त्याला मुळात ते काम आवडायचं नाही. पण भांडी-कढयांच्या आवाजात तो देवाशी बोलायला शिकला आणि मग त्याला प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यात फरक वाटेनासा झाला, असं त्याच्याबद्दल नोंदवून ठेवलंय. हे एका दिवसात झालं नाही, वर्षं गेली. मला त्याच्यात सगळ्यात जास्त काय पटतं, तर मन भरकटलं की तो स्वतःवर चिडत बसायचा नाही, परत वळायचा, बस.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, आपल्या आज्या-पणज्या जात्यावर हेच करत होत्या. हात दळतायत आणि तोंडात ओवी. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन-भजनाची चाल दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि टिळकांची कितीतरी गाणी आजही आपल्या गीतांच्या पुस्तकात आहेत, ती टाळ-तबल्यावरच खुलतात. तर जातं गेलं, गॅस आला, पण युक्ती तीच. रोज न चुकता होणारं एक काम पकडा आणि त्याला एक ओळ चिकटवा. माझं काम म्हणजे सकाळचं दूध. ते उतू जाऊ नये म्हणून तिथून हलता येत नाही, म्हणून बरं. मीच जुळवलेली ओवी आहे, हसू नका:

पहिली माझी ओवी, स्वर्गातल्या बापाला
गॅसवर दूध ठेवलं, सांभाळ माझ्या लेकाला

लेक आता दहावीला आहे आणि त्याला हे ऐकून लाज वाटते. नवरा गाडीला किक मारताना "प्रभू, सोबत चल" म्हणतो, त्याचं तेवढंच. एकीला मी ओळखते ती लिफ्टमध्ये "हे आमच्या बापा" ही येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणते, तळमजल्यापासून नवव्या मजल्यापर्यंत बरोबर आमेन येतं, मध्ये कुणी चढलं नाही तर.

रात्री उलटं करायचं. इग्नेशियस लोयोला, जेझुइट संघाचा संस्थापक, त्याने सोळाव्या शतकात आपल्या लोकांना दिवसाची उजळणी करायला शिकवलं. कॅथोलिक मंडळींना हे नवीन नाही, आमच्या प्रोटेस्टंट घरात मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मी ते किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखं करते. आज मला कुणी काय दिलं, मी कुणाचं काय ठेवून घेतलं, उद्या कुणाचं परत करायचंय. ऑफिसच्या शिपाईकाकांनी न सांगता खिडकी लावली, जमा. नणंदेचा फोन बघून कट केला, नावे. इतकं छोटं छोटं लिहायला लागलं की कळतं देव दिवसभर कुठे कुठे येऊन गेला, आपण पाठमोरे होतो. पाच मिनिटं, अंथरुणात बसून. आडवं होऊन करू नका, झोप लागते, अनुभव आहे.

घरातल्या प्रार्थनेचं थोडक्यात सांगते. एक गाणं, थोडं वचन, एक प्रार्थना, दहा-बारा मिनिटांत संपलं पाहिजे, पोरं असतील तर आठ. वाचन पोरांकडे द्या, एकेक वचन. सुरुवात मार्कपासून करा, सोळाच अध्याय आहेत, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं आणि पळतं. भाषा जड वाटत असेल तर सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत उतरवायला घेतलं ते कशासाठी, तर तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन आश्रमातल्या साध्या, नव्याने अक्षर ओळख झालेल्या बायकांना कळावं म्हणून. एकटे राहत असाल तर गावी फोन लावा, स्पीकरवर ठेवा, तिकडची प्रार्थना चालू द्या. माझी आई अजूनही पाऊण तास करते त्यामुळे मी अधूनमधून म्यूट करून कुकर लावते. देवाला माहीत आहे.

कॉटेज मीटिंग घ्या, पण बिर्याणी करू नका

कॉटेज मीटिंग म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा. मंडळीची माणसं घरी आल्याशिवाय नातं पक्कं होत नाही, हे माझं ठाम मत. मी पहिली मीटिंग घेतली तेव्हा तीस माणसांची बिर्याणी केली, वन रूम किचनमध्ये, उसना टोप आणून. त्या संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस, माणसं आली नऊ. पुढचे दोन दिवस आम्ही बिर्याणी खाल्ली आणि अख्खी चाळ खात होती. पण खरं नुकसान वेगळंच झालं, पुढच्या आठवड्यात ज्यांच्याकडे पाळी होती त्यांनी मीटिंग रद्द केली, कारण त्यांना एवढं झेपणारं नव्हतं. तेव्हापासून आमच्या भागात नियम आहे: चहा आणि एक खाऊ, बिस्किट असलं तरी चालेल, आणि हा नियम मोडणाऱ्याला मावशी सगळ्यांसमोर बोलायची. नियमाने झालं काय, तर जे कधी बोलवत नव्हते ते बोलवायला लागले.

वेळ साडेसात ते साडेआठ, आणि साडेआठला आमेन म्हणजे आमेन. ज्या बायकांना घरी जाऊन पोळ्या लाटायच्या असतात त्यांना देवाची उपस्थिती आठ पस्तीसनंतर जाणवत नाही. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा की उद्या थोडा गाण्याचा आवाज येईल, ढोलकी नको, टाळ्या पुरतात. शेजाऱ्यांनाच चहाला बोलवलं तर आवाजाची तक्रार अर्धी कमी होते. गाणं झालं, वचन झालं की साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं. इथे एखादा माणूस वीस मिनिटं घेतोच, प्रत्येक मंडळीत एक असतो, त्याला प्रार्थना सुरू करायला सांगा म्हणजे साक्ष आपोआप आवरते. मग विनंत्या. प्रत्येकाने एक सांगायची, आणि पुढच्या मीटिंगला आधी हेच विचारायचं की त्या विनंतीचं काय झालं. हे आम्ही करत नव्हतो, करायला लागल्यावर सगळं बदललं, कारण एका काकांनी तीन मीटिंगा "नोकरी" म्हटलं आणि चौथ्यांदा विचारल्यावर एकाने त्यांना आपल्या कंपनीच्या गेटवर कामाला लावून दिलं. प्रार्थनेला हात-पाय फुटतात ते असे.

नवीन आलेल्याला पाहुण्यासारखं खुर्चीवर बसवून ठेवू नका. कप वाटायला द्या.

दवाखाना आणि मयत

नातं आहे का नाही हे इथं कळतं. दवाखान्यात दहा मिनिटांच्या वर बसू नका, आजाऱ्याला विचारून मगच प्रार्थना करा, आवाज बाजूच्या कॉटला जाईल एवढा नको, स्तोत्र २३ किंवा १२१ पुरेसं आहे, हात धरायचा. आणि निघताना नातेवाइकाला बाहेर नेऊन विचारायचं, जेवलात का, रात्री कोण थांबणार. मला आठवतं, माझे सासरे आयसीयूत असताना एक भाऊ आले, प्रार्थना वगैरे काही नाही, म्हणाले वहिनी तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या, मी बसतो. तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांना आजन्म विसरणार नाही.

मयताच्या घरी बोलायचं कमी. "देवाची इच्छा", "तो चांगल्या माणसांना लवकर नेतो", हे नको, कृपा करून नको. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूला तो परत जिवंत होणार हे ठाऊक होतं, तरी तिथे बायबलमधलं ते सगळ्यात छोटं वचन आहे, येशू रडला. थर्मासमध्ये चहा न्या, कागदी कप न्या, चपला नीट लावा, बसा. पहिल्या तीन दिवसांत सगळे असतात, खरी गरज महिन्याने लागते, तेव्हाची तारीख वहीत टाकून ठेवा आणि फोन करा.

शेजारी मंडळीत मोजायचे का

मोजायचे. आमच्या नाताळच्या फराळात करंज्या, शंकरपाळ्या, चकल्याच असतात आणि शेजारच्या काकूंच्या दिवाळीच्या ताटात पण त्याच, वीस वर्षं ताटं जातायत येतायत, रिकामं ताट कुणी परत करत नाही. ख्रिस्ती माणसाने प्रसाद खायचा का हा प्रश्न निघतो, दरवेळी निघतो. बायबलात पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्रात मूर्तीला वाहिलेल्या अन्नावर बरंच लिहिलंय, आणि त्याचा रोख हा की आपल्या खाण्याने दुसऱ्या कुणाचा विवेक दुखावतोय का ते बघा. प्रत्येक घराचं वेगळं असतं, मी कुणाला शिकवणार नाही, फक्त नाकारायचं असेल तर ताट आणणाऱ्या पोरीचं तोंड उतरणार नाही असं नाकारा.

टिळकांचं इथेही आठवतं. ज्या माणसाने त्यांना पहिल्यांदा नवा करार दिला तो रेल्वेच्या डब्यात भेटलेला एक अनोळखी युरोपियन प्रवासी होता, म्हणजे सगळी सुरुवात शेजारच्या सीटवर झाली. आणि शेवटी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी साताऱ्याला देवाचा दरबार उभा करायला घेतला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे शिष्य एकत्र, भाऊ म्हणून. दोन वर्षांत, १९१९ ला ते वारले, ते स्वप्न तिथंच राहिलं. तुकोबांवर त्यांचं प्रेम शेवटपर्यंत होतं. ज्याला झाडं-वेलीसुद्धा सोयरी वाटतात त्याच्यापासून आपण एवढं तरी घ्यावं की जिन्यातल्या माणसाला हाक मारावी.

भांडण होणार

होणारच. कमिटीची निवडणूक, जागेचा वाद, कोणाच्या पोराने किबोर्ड वाजवायचा, पाळकसाहेबांची बदली. एकदा आमच्याकडे एवढं पेटलं की लोक दोन गेटने आत यायचे. मी चार महिने जाणं सोडलं होतं. त्या वेळी शिकले ते असं, की अख्ख्या मंडळीशी नातं ठेवायला जाऊ नका, दोन घरं धरा आणि ती सोडू नका. जिथे दोघे-तिघे आहेत तिथे मी आहे असं येशूने म्हटलंय, कोरम पूर्ण पाहिजे असं नाही म्हटलेलं. कुणाचं चुकलं असेल तर मत्तय १८ मधला क्रम पाळा, आधी त्याला एकट्याला गाठा. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलेलं वचन हे बहुतेक वेळा कुणालातरी मारलेला दगड असतो आणि सगळ्यांना माहीत असतं कुणाला.

काहीच वाटत नाही तेव्हा

असे दिवस येतात. माझी नोकरी गेली होती तेव्हा चार महिने दूध उकळलं पण ओवी आली नाही. स्तोत्र ८८ काढून बघा, पूर्ण काळोखात सुरू होतं आणि काळोखातच संपतं, शेवटी एक आशेची ओळ पण नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. म्हणजे तसं वाटणं चालतं. आणि बायबलमधला एलीया संदेष्टा, झाडाखाली पडून मरण मागत होता, त्याला देवदूताने प्रवचन दिलं नाही, उठवलं आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर खायला घातली, परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. तर अशा वेळी आधी नीट जेवा, झोपा, डॉक्टरांकडे जायची वेळ असेल तर जा, त्यात विश्वास कमी पडत नाही. आणि मंडळीत फक्त जाऊन बसा. तुमचा आवाज निघत नसेल तर बाजूचे गातात, त्यावर टेकून उभं राहायचं.

मावशी दोन वर्षांपूर्वी गेली. पंचाऐंशीच्या पुढे होती. प्रार्थना झाल्यावर तिच्या सुनेने मला आत बोलावून ती शंभर पानी वही दाखवली, कोपरे तेलकट झालेले, काही पानं सुटलेली. गुरुवारच्या पानावर माझं नाव होतं, ते असणार हे मला माहीतच होतं. पण त्याच्या शेजारी, आधीचं लिहून मग रेघ मारून खोडलेलं, तिच्या गिचमिड अक्षरात होतं: "मागच्या बाकावरची, निळी ओढणी".

ती ओढणी माझ्या पहिल्या वर्षातली, व्हरांड्यातल्या त्या पावसाच्या खूप आधीची.

आता माझ्या वहीत गुरुवारी एक ओळ आहे, "खांबाजवळचा, चेकचा शर्ट, आशीर्वादाच्या आधी हेल्मेट उचलतो". तीन आठवडे झाले. या रविवारी मी गेटपाशीच उभी राहणार आहे, डबा घेऊन.